रेडॉन म्हणजे इन्स्पेक्शनवाल्यांनी काढलेली टूम नव्हे

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: रेडॉनची (म्हणजे जमिनीतल्या युरेनियमपासून बनून घरात शिरणाऱ्या, फुफ्फुसाचा कॅन्सर करू शकणाऱ्या किरणोत्सारी गॅसची) भीती ही घरं तपासणाऱ्या इन्स्पेक्शनवाल्यांनी पैसे काढायला पसरवलेली, तो त्रास खाणकामगारांना, घरात राहणाऱ्यांना नाही, भारतात कोण तपासतं, कुणाचं काय बिघडलं? शेजाऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल तर निश्चिंत राहा, फार तर खिडक्या उघडा.

आधी टूमेबद्दल. डिसेंबर 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावर स्टॅन्ली वॉट्रस हा इंजिनिअर आला की किरणोत्साराचे अलार्म वाजायला लागले. शोध घेतल्यावर कळलं, किरणोत्सार प्रकल्पातला नव्हताच, तो घरूनच घेऊन येत होता. त्याच्या घरात रेडॉन होता हवेच्या लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक). अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, 4 पिकोक्युरीपासूनच उपाय करा म्हणते. ते घर ज्या रीडिंग प्राँग नावाच्या खडकपट्ट्यावर आहे, तो उत्तर न्यू जर्सीतून पुढे न्यूयॉर्कपर्यंत जातो. युरेनियम त्या खडकातच आहे, तिथे कुणा इन्स्पेक्टरचा हात नाही.

खाणकामगारांचा मुद्दा जुना झाला. 2005 साली युरोपातल्या 9 देशांतल्या 13 अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, आणि हे सगळे अभ्यास घरांमधल्या रेडॉनचे होते. घनमीटरला दर 100 बेकरेलमागे (बेकरेल हे दुसरं एकक; म्हणजे लिटरमागे साधारण 2.7 पिकोक्युरी) फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ईपीएच्या अंदाजाने अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला 21,000 माणसं जातात. त्यातली सुमारे 2,900 कधीही सिगारेट न ओढलेली.

भारताचा दाखला तर मुळातच लंगडा आहे. रेडॉन तिथल्या जमिनीतूनही येतो, पण चौथ्या मजल्यावरचा, खिडक्या सताड उघड्या असलेला फ्लॅट कुठे आणि इथलं बेसमेंटचं घर कुठे! हिवाळ्यात दारंखिडक्या बंद असतात. गरम हवा वर चढून निसटते आणि तिची जागा भरायला घर खालून, जमिनीच्या काँक्रीट स्लॅबच्या भेगांतून, बेसमेंटचं पाणी जमवणाऱ्या संपच्या खड्ड्यातून मातीतली हवा ओढून घेतं. आणि त्याच बेसमेंटमध्ये आपण ऑफिस थाटतो, भारतातून आलेल्या आईबाबांची झोपायची सोय करतो. ‘कुणाचं काय बिघडलं’ म्हणायलाही आधार नाही. एखाद्याचा कॅन्सर रेडॉनमुळेच झाला, हे डॉक्टर तपासून सांगू शकत नाहीत.

शेजाऱ्याचा रिपोर्ट त्याच्या घरापुरता. एकाच गल्लीतल्या दोन घरांत जमीन-आसमानाचा फरक असू शकतो. घर नवं असलं तरी हेच. खिडक्यांचं म्हणाल, तर उघड्या असेपर्यंत पातळी उतरते, बंद केल्या की परत चढते. जानेवारीत किती वेळ उघड्या ठेवणार?

चाचणी घरच्या घरी होते. रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाच्या किटचा डबा राहत्या जागेतल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, जमिनीपासून वीसेक इंच उंच ठेवायचा. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये नको. बारा तास आधीपासून दारंखिडक्या बंद ठेवायच्या, येण्याजाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. किटवर सांगितलेले दिवस झाले की सीलबंद करून लगेच लॅबला धाडायचा. हा गॅस पावणेचार दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे डबा टेबलावर पडून राहिला तर आकडा बिघडतो. वर्षभराची सरासरी हवी असेल तर तीन महिन्यांहून जास्त चालणारी चाचणी घ्या.

आकडा 4 किंवा वर आला तर घर विकायची गरज नाही. स्लॅबला भोक पाडून खाली पीव्हीसी पाइप घालतात आणि अविरत चालणारा पंखा मातीतली हवा छपरावर सोडतो. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. पाइपवर रंगीत द्रव भरलेली एक यू आकाराची नळी असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाली, तर पंखा ओढत नाही असं समजा आणि काम करून गेलेल्याला बोलवा. वॉट्रसच्या घरातही असेच उपाय झाले आणि कुटुंब तिथेच परत राहायला गेलं. न्यू जर्सीत हे काम करणाऱ्यांना राज्याचं प्रमाणपत्र लागतं, ते मागून बघा. यंत्रणा बसल्यावर नवी चाचणी करा आणि पुढे दर दोन वर्षांनी एक.