मावशीला मिशा होत्या

बंड्यानं चहावाल्याकडून स्टीलचा रिकामा पेला मागून घेतला आणि त्यात मोबाईल उभा केला. हा त्याचा जुना जुगाड, आवाज चांगला घुमतो. पेल्यातून कुणी एक इंग्रज गृहस्थ गोष्ट सांगायला लागले. ड्रॅगन आलेत, राजा आर्थरचे सगळे सरदार एक तर सुट्टीवर नाहीतर आजीला भेटायला गेलेत, आणि हाताशी उरलंय एक शिलकी चिलखत नि ते घालायला तयार असलेलं राल्फ नावाचं चिमुरडं पोर.

"आजीला भेटायला!" सुजाता फिस्सकन हसली. "दिवाळीनंतरच्या सोमवारी आमच्या ऑफिसात डिट्टो हेच."

अण्णा हसले नाहीत. अण्णा म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक, पाटीवरची 'शितपेये' पाहूनही त्यांचं बीपी वाढतं. "कुणाचं हे?"

"टेरी प्रॅचेट. इंग्रज लेखक, त्या 'डिस्कवर्ल्ड' नावाच्या जादूई, विनोदी कादंबऱ्यांवाला," बंड्या म्हणाला. लेकीमुळे त्याला हे सगळं पाठ झालंय, रोज रात्री ती हेच ऐकत झोपते. "1965 साली, सतराव्या वर्षी शाळा सोडून 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक पेपरात चिकटला. तिथं मुलांच्या सदरात 'अंकल जिम' नावानं 80च्या वर गोष्टी लिहिल्या. पुढे पठ्ठ्या जगभर गाजला आणि त्या गोष्टी राहिल्या जुन्या अंकांत. 2014 मध्ये त्यातल्या 14 निवडून पुस्तक काढलं, आणि हे त्याचं ऑडिओ."

"म्हणजे जागा भरायला लिहिलेला मजकूर," अण्णा म्हणाले. "माणूस मोठा झाला की त्याची वाण्याची यादीसुद्धा छापतात."

इथं सुजातानं हुकमाचं पान टाकलं. प्रॅचेट 2015 च्या मार्चमध्ये गेला. आपलं अर्धवट लिखाण ज्या हार्ड डिस्कवर आहे तिच्यावरून रोडरोलर फिरवा, अशी त्याची इच्छा होती. आणि ऑगस्ट 2017 मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत ती खरोखर पुरी केली. 'लॉर्ड जेरिको' नावाचा जुना वाफेवरचा रोलर डिस्कवरून पुन्हा पुन्हा फिरवला, तरी ती पुरती मोडेना, म्हणून शेवटी खडी फोडायच्या यंत्रात घातली.

"बघा!" अण्णा खूश. "लेखकाला काय हवं होतं ते रोलरनं सांगितलं."

मला हे पटलं नाही, आणि अजूनही पटत नाही. रोलरखाली गेलं ते अपुरं, कुणाला न दाखवलेलं. अंकल जिमच्या गोष्टी तर छापून घरोघर गेल्या होत्या, कुणी तरी आई त्या आपल्या पोराला वाचून दाखवत असेल. लोकांच्या हातात दिलेली गोष्ट लेखक परत कशी मागणार? शिवाय 2014 चं पुस्तक त्याच्या हयातीत आलं, त्यानंच थोडी डागडुजी करून दिलं. मेल्यावर 2016, 2017 आणि 2020 मध्ये आणखी तीन संग्रह निघाले, तिथं मात्र अण्णांचा मुद्दा जरा जड होतो. 2023 च्या संग्रहाबाबत तर मी अण्णांच्याच बाजूला सरकलो. सत्तर-ऐंशीच्या दशकात त्यानं 'पॅट्रिक कर्न्स' या टोपणनावानं एका पेपरात लिहिलेल्या कथा चाहत्यांनी जुने अंक चाळून शोधल्या. त्या लहान मुलांच्याच म्हणून लिहिलेल्या नव्हेत, पण प्रश्न तोच. टोपणनाव घेणारा माणूस काही तरी सुचवत असतो की नाही?

"सुचवत काही नसतो," बंड्या म्हणाला. "पेपरात नोकरी होती, एवढंच असेल."

मग गाडी ऐकण्यावर आली. त्या गोष्टीत एक सरदार आहे, 'फोर्टनाइट, द फ्रायडे नाइट'. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, सरदारही नाइट आणि रात्रही नाइट. कागदावर सरदाराच्या नाइटला सुरुवातीला के असतो, पण तो उच्चारात येत नाही. त्यामुळे ही कोटी डोळ्यांआधी कानाला कळते. मराठीत कशी आणणार? सुजातानं 'पंधरवडा पाटील' करून पाहिलं. पाडलं आम्ही ते.

"आणि त्याच्या तळटिपा?" मी विचारलं. प्रॅचेटची निम्मी गंमत तळटिपांत. ऐकताना तळ कुठे असतो?

"डिस्कवर्ल्डची 2022 पासून नवी रेकॉर्डिंग आली ना," बंड्या म्हणाला, "त्यात तळटिपा वाचायला वेगळा नट आहे. बिल नाय."

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तळटिपेला स्वतंत्र माणूस?" एवढा वेळ वाद घालणारा हा गृहस्थ एकदम हळवा झाला. पस्तीस वर्षं फुली, खंजीर, दुहेरी खंजीर तपासत काढली, तळटिपेला असा मान कुणी दिला नव्हता म्हणे.

सुजातानं ती संधी साधली. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, ते तरी बरं झालं की वाईट, असं तिनं विचारलं.

"ते मासिक होतं. आमचं साप्ताहिक होतं." अण्णांनी नाव घेतलं नाही. "मुलांचं पान 'मावशी' लिहायची. दर आठवड्याला चिमण्या, ससे, एखादा हट्टी राजपुत्र. मुलांची पत्रं यायची, प्रिय मावशी, तू कशी आहेस. मावशीला मिशा होत्या. मावशी तंबाखू खायची."

"म्हणजे?"

"क्रीडा-वार्ताहर होता तो. तो सोडून गेला तेव्हा दोन वर्षं मावशी माझ्याकडे आली."

पेल्यातली गोष्ट चालूच होती, ती बंड्यानं थांबवली.

"अण्णा, त्या गोष्टी कुठायत?"

"रद्दीत. फायली होळीच्या आधी किलोवर गेल्या."

"आणि कुणाच्या माळ्यावर सापडल्या तर? छापायच्या नाहीत?"

अण्णांनी उरलेला चहा संपवला. प्रॅचेटनं 1971 चं आपलं पहिलं पुस्तक 1992 मध्ये पुन्हा लिहिलं आणि त्याला दोन लेखक आहेत नि दोघंही एकच माणूस आहेत असं म्हटलं, हे मी मघाशीच सांगितलं होतं. ते त्यांच्या डोक्यात असावं.

"आधी माझ्याकडे आणायच्या," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या वर्षीच्या सशाच्या गोष्टीत 'पिल्लू' चुकलंय. ते दुरुस्त केल्याशिवाय कुणी मोठ्यानं वाचायचं नाही."