बँकेच्या यादीतला वकील

इंग्लंडात, रेडिंगमध्ये आम्हाला एक घर आवडलं. आवडलं म्हणजे आमच्या खिशात बसणाऱ्या सात घरांपैकी त्या एकाच्याच न्हाणीघराला बुरशी नव्हती. ब्रोकरने कर्जाचं जमवलं आणि मंडळातल्या एका वहिनींनी सॉलिसिटर सुचवला. बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकट्याची कचेरी, टेबलावर फायलींचे ढीग आणि फोन वाजला की स्वतः उचलणारा म्हातारा. पहिल्याच भेटीत त्याने आमच्या लेकीला बिस्किट दिलं. मेधा जिन्यातच म्हणाली, "हाच बरा."

आठवड्याभरात ब्रोकरचा फोन. "तुमचा सॉलिसिटर लेंडरच्या पॅनलवर नाही."

आता ही पॅनलची भानगड अशी. इंग्लंड-वेल्समध्ये घर घेणाऱ्याचा जो वकील, तोच बहुतेक वेळा कर्ज देणाऱ्या बँकेचाही वकील असतो. लग्नात दोन्हीकडचं मिळून एकाच भटजीने उरकावं, तसं. मात्र दक्षिणा आपण द्यायची आणि कोणता भटजी चालेल ते बँकेने ठरवायचं. त्यासाठी प्रत्येक बँकेची स्वतःची यादी. बँकेचंही अगदीच चूक नाही म्हणा. 'मालकीत काही खोट नाही' असं हा माणूस सही करून कळवतो आणि तेवढ्या भरवशावर बँक लाखो पौंड त्याच्या खात्यात टाकते. २००८ च्या आर्थिक संकटात तोंड पोळल्यावर बँका या याद्या फुंकून फुंकून करायला लागल्या. २०१२ साली तर एका बड्या बँकेने अख्ख्या देशासाठी ४३ कचेऱ्या ठेवल्या होत्या. वकिलांनी असा शिमगा केला की पुढे तिला दार किलकिलं करावं लागलं. तरी काही बँकांना अजूनही एकांड्या वकिलाचं वावडं आहेच.

सांगलीच्या भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग त्यात काय? आमच्याकडेही मालकी तपासून सर्च रिपोर्ट बँकेच्या पॅनलवरचाच वकील देतो. आपण फी भरायची आणि गप बसायचं." त्याच्या आवाजात माझ्या विलायतेबद्दलचा आदर बराच उतरलेला जाणवला.

बेकरीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही यादीत जाऊ शकत नाही का? तो म्हणाला, "होतो की. त्यांची पुरेशी कामं करत नाही म्हणून काढलं. आता यादीत नाही, म्हणून त्यांची कामं येत नाहीत." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मीच उगाच सॉरी म्हणालो.

ब्रोकरने दोन वाटा दाखवल्या. म्हातारा आमच्यासाठी ठेवायचा आणि बँकेसाठी यादीतला दुसरा घ्यायचा, दोघांची फी आम्ही भरायची. नाहीतर सरळ यादीतला घ्यायचा. मेधाने दोन्ही फियांची बेरीज केली आणि म्हाताऱ्याला धन्यवादाचं कार्ड आणलं. त्याने एक पेनीही घेतली नाही. लेकीसाठी बिस्किटांचा अख्खा पुडा दिला, त्यामुळे मला आणखीच चोरट्यासारखं झालं.

नवी कचेरी दोनशे मैलांवरच्या शहरात होती. आजवर मी ती पाहिलेली नाही. फोन केला की व्हायोलिन वाजायचं. व्हायोलिन संपलं की एक मुलगी यायची. ती गोड बोलायची, पण प्रत्येक उत्तराआधी "हँडबुक बघते" म्हणायची. लेंडरांच्या या हँडबुकचे दोन भाग. पहिल्यात सगळ्या बँकांचे समान नियम, दुसऱ्यात ज्या त्या बँकेचं सोवळं-ओवळं वेगळं. वकिलाला काही वावगं दिसलं तर ते बँकेच्या कानावर घालायचं. म्हणजे फी माझी आणि चहाड्याही माझ्याच.

पहिली चौकशी नावांवरून झाली. मी प्रशांत दत्तात्रय. बायको मेधा प्रशांत. डिपॉझिटसाठी, म्हणजे कर्जाबाहेरच्या आमच्या वाट्यासाठी, पैसे देणार होते माझे वडील, दत्तात्रय विष्णू. मुलगी म्हणाली, "अर्जात प्रशांत दोन आहेत. दुसरा कोण?" म्हटलं, दुसरा नाही, तो मीच, बायकोच्या नावात राहतो. "आणि दत्तात्रय?" ते वडील, माझ्या नावात राहतात. थोडा वेळ फक्त कीबोर्ड ऐकू आला. मग तिने विचारलं, "म्हणजे मिस्टर दत्तात्रय हे मिस्टर दत्तात्रयना पैसे भेट देताहेत?" त्यात मेधाच्या जुन्या बँक खात्यावर माहेरचं नाव, म्हणजे मधे सासऱ्यांचा प्रवेश. अखेर मॅरेज सर्टिफिकेट पाठवलं, तर त्यात विष्णू दोन निघाले.

मग भेटीचं पत्र. ही रक्कम कर्ज नाही, परत मागणार नाही आणि घरावर कसलाही हक्क सांगणार नाही, असं बाबांनी लिहून द्यायचं होतं. फोनवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हक्क सांगणार नाही म्हणजे? मी तिकडे आलो तर झोपू कुठे?"

मी हा विनोद मुलीला सांगितला. सांगायला नको होता. "ते राहायला येणार आहेत?" दर उन्हाळ्यात येतात, मी कौतुकाने म्हटलं, सहा-सहा महिने. व्हायोलिन लागलं. घरात सतरा किंवा त्याहून जास्त वयाचं दुसरं कुणी राहणार असेल तर बँकेचा हक्क आधी, आपला नंतर, असं त्याच्याकडून लिहून घेतात, आणि सही करण्यापूर्वी त्याने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतलेला बरा! बाबा पाहुणे आहेत हे पटवायला पाच ईमेल लागल्या. हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. मुलाच्या घरी पाहुणा ही गोष्ट आमच्याकडे निराळ्या अर्थाने लागते.

पण खरी बहार आणली पतसंस्थेने. बाबांकडे पैसे आले कुठून, हे दाखवायचं होतं. फंडाचे कागद इंग्रजीत होते, ते खपले. उरलेली ठेव गावच्या पतसंस्थेत आणि पासबुक मराठीत. रीतसर भाषांतर हवं, तेही प्रमाणित. मी शब्दाला पैसे मोजणारा भाषांतरकार गाठला. माणूस प्रामाणिक. 'दामदुप्पट ठेव योजना' त्याने शब्दाला शब्द ठेवून उतरवली आणि खाली शिक्का मारला. इंग्रजीत ते झालं 'पैसे दुप्पट करून देण्याची योजना'.

दुसऱ्या दिवशी मुलीची ईमेल फार म्हणजे फारच सभ्य होती. आमची फाईल काळ्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या वरिष्ठांकडे गेली होती. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर पोरांकडून पाढे पाठ करून घेतले आणि उतारवयात त्यांच्यावर हा प्रसंग. ठेव दुप्पट व्हायला नऊ वर्षं लागली, याचा तक्ता मी दर साल दर शेकडा व्याजासकट करून पाठवला. तो वाचून वरिष्ठांनी एकच प्रश्न केला: "एवढंच व्याज?"

बाकीचं त्यामानाने फिकं. गटाराचा शोध, पुराचा शोध. एक शोध असाही, की गावच्या जुन्या चर्चच्या एका भागाची दुरुस्ती आपल्या गळ्यात पडते का. अशी पडू शकते, लोकांच्या पडलेली आहे. आपल्याकडे निदान वर्गणी मागायला मंडळाची पोरं दारात तरी येतात! आम्ही थोडे पौंड भरून त्याचा विमा उतरवला.

एका शुक्रवारी दुपारी किल्ल्या मिळाल्या. लँड रजिस्ट्रीत मालक म्हणून आमची दोघांची नावं लागली आणि खाली बोजा म्हणून बँकेचं.

वास्तुशांतीला स्लाववरून गुरुजी आले. धुराच्या अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून झाली, आम्ही पाटावर बसलो. गुरुजींनी पळीतलं पाणी माझ्या हातावर सोडलं आणि संकल्पासाठी विचारलं, "यजमानांचं नाव?"

"प्रशांत दत्तात्रय," मी म्हणालो, "पण त्यातले दत्तात्रय म्हणजे वडील. आणि ही मेधा प्रशांत, तो प्रशांत म्हणजे मीच. पासपोर्ट वर आहे, आणू का?"