काच फुटली

अडीच महिने जपलेली काच गेल्या शुक्रवारी फुटली. चष्म्याची नव्हे, भिंतीवरची.

सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीत आमचं जुनं बैठं घर. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघालाय, वर जाता जाता रुंद होत. मिस्त्री म्हणाला, "पुट्टी भरू, रंग मारू, विषय संपला." कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ग्राउटिंग करू, म्हणजे दाबाने पातळ सिमेंट आत भरू. तिसऱ्याने 'मायक्रोपाइल' (पायाखाली खोलवर घालायचे बारीक खांब) हा शब्द इतक्या लाडाने उच्चारला की खर्च विचारायचा मला धीरच झाला नाही. शेवटी फी भरून स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई आणल्या. त्यांनी खड्डा घ्यायला लावला. बाकीचं घर मुरुमावर, हा एक कोपरा काळ्या मातीवर, आणि शेजारी बाथरूमचं गळकं चेंबर. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आक्रसते. बिचारा कोपरा वरखाली.

"आधी चेंबर. मग तडा जिवंत आहे की मेलेला, ते बघू," म्हणत त्यांनी तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, बाजूला तारीख घातली. फुटली तर पाया अजून हलतोय, म्हणजे अंडरपिनिंग: एक सोडून एक असे मीटर-मीटरभराचे खड्डे घेत जुन्या पायाखाली काँक्रीट. नाही फुटली, तर तडा नुसता भरून घ्यायचा. पावसाळाभर थांबा आणि हात लावू नका.

चेंबर झालं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, पट्टी शाबूत. सकाळी तुळशीआधी मी तिचं दर्शन घ्यायचो.

आणि शुक्रवारी शेजारचे काका आले. काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, म्हणून घरांच्या पायांवर त्यांचा अधिकार. खात्यात ते पगारबिलं करत, ही गोष्ट वेगळी. १९६१च्या पानशेतच्या पुरात कुठला वाडा का बसला हे ते मुकादमासारखं सांगतात; तेव्हा त्यांचं वय चार.

"हे काय चिकटवलंय?"

"काका, ती काच..."

छत्रीचं टोक. टक्.

"बघा! खचतंय घर!"

"काका, तुम्ही छत्री मारलीत."

"छत्रीनं कुठे काच फुटते? आत ताण होता. मी फक्त निमित्त."

मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी तड्यात सारली. ती गुलापर्यंत गेली. "अख्खी गेली!" काकांचा चेहरा बारशाला आल्यासारखा. दुसरी काडी. तिसरी. माझ्या भिंतीला काड्या लावून झाल्यावर ते आत येऊन चहा प्याले. साखर कमी होती म्हणे.

रविवारी दूधवाल्याने विचारलं, "घर विकताय का?" सोमवारी एका एजंटाचा फोन, रिडेव्हलपमेंटसाठी. गल्लीभर सल्ले फुकट, आणि पैसे मोजून घेतलेला एकच सल्ला, तो यांनी छत्रीने फोडला. याचा राग मला अजून येतो, लिहितानाही येतोय.

बाईंना फोन केला.

"कशामुळे फुटली?"

"छत्रीमुळे."

बराच वेळ शांतता. "नोंदीत काय लिहू?"

नवी पट्टी लागली. नवी तारीख, पुन्हा व्हिजिटची फी. आता उन्हाळा आणि पुढचा पावसाळा बघायचा. काका रोज कुंपणावरून विचारतात, "फुटली का?"

आवाजात आशा असते.