शोधायचं कोणी?

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी असलेल्या विनिपेग शहराच्या उत्तरेला प्रेअरी ग्रीन नावाचा कचरा डेपो आहे. मे 2022 मध्ये लाँग प्लेन फर्स्ट नेशन या मूळनिवासी समाजाच्या दोन स्त्रियांचे मृतदेह शहरातल्या कचऱ्याबरोबर तिथे जाऊन पडले. दोघींचा खून झाला होता. पोलिसांना हे समजेपर्यंत 34 दिवस उलटले. त्या दिवसांत तिथे दहा हजार ट्रक कचरा आला, 250 टन ॲस्बेस्टॉस आलं, वर बांधकामाची ओली चिकणमाती पडली आणि सगळं यंत्रांनी 40 फूट खोलीपर्यंत दाबलं गेलं. हा हिशेब डिसेंबर 2022 मध्ये खुद्द पोलिसांनी मांडला आणि शोध घेणं व्यवहार्य नाही असं सांगून टाकलं.

घरच्यांनी ऐकलं नाही. मुली, बहिणी, गावातली माणसं यांनी मानवी हक्क संग्रहालयाजवळ तंबू ठोकले. त्या वेळच्या मुख्यमंत्री हेदर स्टेफन्सन यांनी 2023 च्या जुलैत कामगारांच्या सुरक्षेचं कारण देऊन नकार दिला, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने हा नकारच प्रचाराचा मुद्दा केला. 3 ऑक्टोबर 2023 ला मॅनिटोबाने कौल दिला. 57 पैकी 34 जागा जिंकून न्यू डेमोक्रॅटिक पक्ष सत्तेवर आला. त्या पक्षाचे वॅब किन्यू हे कॅनडातल्या एखाद्या प्रांताचे फर्स्ट नेशन्समधले पहिले मुख्यमंत्री. त्यांचे वडील निवासी शाळेतून गेलेले, म्हणजे मुलांना आईबापांपासून तोडून, त्यांची भाषा मोडून 'सुधारण्या'साठी सरकार आणि चर्चने चालवलेल्या शाळांमधून. देशभरात दीड लाखांच्या आसपास मुलं अशा शाळांत कोंबली गेली.

नव्या सरकारने सुरुवातीलाच दोन गोष्टी केल्या. मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या मेटी समाजाचे, 1885 मध्ये फाशी दिलेले नेते लुई रिएल यांना 'मॅनिटोबाचे पहिले मुख्यमंत्री' हा सन्मान कायद्याने दिला, आणि 30 सप्टेंबर हा निवासी शाळांच्या स्मरणाचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा केला. दोन्ही योग्य. पण सरकारची खरी कसोटी कचरा डेपोवर होती.

मार्च 2024 मध्ये प्रांताने दोन कोटी डॉलर काढले, केंद्राने दोन कोटी. काम टप्प्यांत आखलं. आधी मृतदेह नसतील अशा जागी खोदून पद्धत तपासून घेतली, मग वरचा थर हटवला, आणि शेवटी ज्या पट्ट्यात ट्रक रिकामा झाला होता तिथला माल उचलला. तो एका गरम ठेवलेल्या इमारतीत आणून जमिनीवर पातळ पसरायचा आणि प्रशिक्षित माणसांनी पंजाने, हाताने, वीत वीत तपासायचा. डिसेंबर 2024 मध्ये शोध सुरू झाला. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस अवशेष हाती लागले आणि मार्चमध्ये दोघींची ओळख पटली. ज्याला सव्वादोन वर्षं 'अशक्य' म्हटलं जात होतं, ते तीन महिन्यांत झालं. काम अवघड होतं, धोक्याचं होतं. पण ते कोणी करायचं हे आधी ठरायला हवं होतं, आणि ते एका निवडणुकीने ठरलं.

इथे कॅनडात नव्याने आलेल्या आपल्या मराठी लोकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येतं: 'आपण तर काल आलो, आपला यात काय संबंध?' संबंध स्वयंपाकघरातल्या नळापाशी आहे. विनिपेगचं पिण्याचं पाणी सुमारे 155 किलोमीटरवरच्या शोल लेक तलावातून येतं. जलवाहिनी 1919 ची. शहराला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून तिथे कालवा खणला, आणि शोल लेक 40 या मूळनिवासी वस्तीची जमीन मुख्य भूमीपासून तुटून बेट झाली. शहर शंभर वर्षं ते पाणी पीत राहिलं. वस्तीला मात्र 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळून प्या अशी सूचना होती, आणि बारमाही रस्ता थेट 2019 मध्ये मिळाला. हे वाचून तानसा-भातसाची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. नळ उघडणाऱ्याने धरण बांधलेलं नसतं, पण पाणी त्याच्याच घरात येतं. जून 2021 पासून कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथेतही मूळनिवासींच्या राज्यघटनेने मान्य केलेल्या हक्कांचा उल्लेख आला. आपल्यातले शेकडो लोक ती शपथ दरवर्षी घेतात.

तिकडे महाराष्ट्रात हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला जातो: जुन्या अन्यायाची भरपाई आजच्या पिढीने का करायची, आणि केली तरी पात्र कोण ते सिद्ध कोण करणार? यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सगळा समेट तिथेच अडतो.

कॅनडात निवासी शाळांच्या भरपाईचा करार 2006 मध्ये झाला. शाळेतल्या पहिल्या वर्षाचे दहा हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे तीन हजार. म्हणजे सहा वर्षं राहिलेल्याला पंचवीस हजार. अर्जदाराने नाव, शाळा आणि वर्षं सांगायची. शाळेचे पट सरकारकडे होते, ते सरकारने पडताळायचे. एखाद्या मुलाची नोंद 1950 ला आणि 1953 ला असेल आणि मधली दोन वर्षं पटावर नसतील, तर तीही धरली जायची. तरीही चुका झाल्या. पट जळलेले, नावांची स्पेलिंगं बदललेली, त्यामुळे हजारो अर्ज नाकारले गेले. रात्री घरी परतणारी मुलं करारात बसलीच नाहीत. त्यांना वेगळा दावा लढवून दहा हजार डॉलर मिळवावे लागले, तेही पंधरा वर्षांनी. तरी एकंदर सुमारे 79 हजार लोकांपर्यंत पैसे पोचले, कारण दप्तर उघडण्याची जबाबदारी ज्याने ते लिहिलं त्याच्यावर टाकली होती.

किन्यू सरकारने 2024 मध्ये आणखी एक जुनं देणं मान्य केलं. घरापासून दूर सरकारी देखरेखीत ठेवलेल्या मुलांसाठी केंद्र सरकार भत्ता देतं. मॅनिटोबात अशा मुलांपैकी सुमारे नव्वद टक्के मूळनिवासी आहेत. 2005 ते 2019 या काळात प्रांताने तो भत्ता मुलांपर्यंत जाऊ न देता आपल्या तिजोरीत वळता केला, आणि आधीच्या सरकारने त्याविरुद्ध कोणी कोर्टात जाऊ नये असा कायदाही केला होता. कोर्टाने 2022 मध्ये तो रद्द ठरवला. नव्या सरकारने अपिलांचा घोळ न घालता 53 कोटी डॉलरवर तडजोड केली. देखरेखीतल्या मुलांची संख्या मात्र त्यामुळे कमी झालेली नाही, आणि या सरकारला पुढे त्यावरच जाब द्यावा लागेल.

आता आपल्याकडे या. 3 ऑगस्ट 1871 ला विनिपेगच्या परिसरात मूळनिवासी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात 'करार क्रमांक 1' झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. मुंबई इलाख्यात तो 1911 मध्ये पोचला. कैकाडी, कंजारभाट, टकारी, पारधी अशा जमातींच्या लोकांची नावं रजिस्टरात चढली, अंगठे घेतले गेले, रोज हजेरी लागली, बाहेर जायला पास लागला. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला.

आज त्याच लोकांच्या नातवाने विमुक्त जातीचा दाखला मागितला, तर त्याला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, कारण गाव त्यांना टिकू देत नव्हतं. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरकुल नाही, वसतिगृहाची जागा नाही. ज्या सरकारी यंत्रणेने या कुटुंबातल्या प्रत्येक माणसाचा अंगठा घेऊन ठेवला, तीच यंत्रणा आता विचारते की तुम्ही इथले कशावरून. यापेक्षा क्रूर प्रश्न कुठल्याही खिडकीवर विचारला जात नसेल.

हे शोधकाम महाराष्ट्राला येत नाही असंही नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मराठा आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तलाठी, तहसील, शाळा, निबंधक कार्यालयं अशी सगळी दप्तरं उघडली. कोतवाल बुकं, गाव नमुना 14, प्रवेश-निर्गम रजिस्टरं, शोधयादीत तुरुंग आणि पोलिसांची रजिस्टरंही होती. मोडी वाचणाऱ्यांना बसवलं, पानं स्कॅन केली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली, आणि पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्या. त्या आरक्षणाबद्दल कोणाचं काहीही मत असो. सरकारने मनावर घेतलं तर दप्तर किती लवकर बोलतं, हे तिथे दिसलं. तेच मोडीवाचक, तेच स्कॅनर, तेच आदेश सेटलमेंटच्या हजेरीपटांसाठी लावता येतात. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये प्रचंड बहुमताने निवडून आलेल्या सरकारकडे त्यासाठी संख्याबळही आहे आणि वेळही.

करायचं असेल तर कॅनडातल्या चुका आधीच टाळाव्यात. पटावर एकाच जमातीची तीन-चार वेगळी नावं सापडतील, तेव्हा पोटजातींची तुलनासूची आधी तयार हवी. कुंपणाबाहेर राहूनही ज्यांना हजेरी लागली, ती कुटुंबं पहिल्याच आदेशात यायला हवीत. नाहीतर दिवसा शाळेत जाणाऱ्या मुलांसारखी तीही पंधरा वर्षं मागे राहतील. पोर्टलवर यादी टाकून भागणार नाही, तलाठ्याने यादी घेऊन पालावर जायला हवं. ज्या वर्षांचं रजिस्टर वाळवीने खाल्लं, ती वर्षं अर्जदाराच्या बाजूने धरायला हवीत. आणि 1952 मध्ये दहा वर्षांची असलेली, बापाचा हात धरून हजेरीला उभी राहिलेली मुलं आज ऐंशी ओलांडलेली आहेत. त्यांच्या जबान्या या कामात सगळ्यात आधी नोंदवाव्या लागतील.