‘मेसाया’ची भव्यता आणि गायकांची संख्या

सप्रेम नमस्कार.

हँडेलच्या ‘मेसाया’ या ऑरेटोरिओच्या (एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या धार्मिक संगीतकृतीच्या) ध्वनिमुद्रणांत मी संगीत-संचालक क्रिस्टोफर हॉगवुड यांना पहिले स्थान दिले आणि दुसरे संचालक कॉलिन डेव्हिस यांच्या १९६६ च्या ध्वनिमुद्रणाची ‘जुन्या वळणाचे’ म्हणून एका वाक्यात बोळवण केली, याला आपला आक्षेप आहे. ऐतिहासिक अचूकता म्हणजे सौंदर्य नव्हे आणि लहान गायकवृंदाच्या तोंडी ‘हालेलूया’ या समूहगानाची भव्यता उरत नाही, असे आपण लिहिले आहे. यातले पहिले विधान मला पूर्णपणे मान्य आहे. हॉगवुड यांनी १७५४ मधील लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमातील प्रयोगाचा पाठ वापरला, एवढ्यावरच मी त्यांना वरचे स्थान दिले असते, तर ती निवड लंगडी ठरली असती.

माझे कारण रचनेतच आहे. ‘फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ हे समूहगान हँडेलने १७४१ च्या जुलैमध्ये स्वतःच लिहिलेल्या एका इटालियन द्वंद्वगीतातून घेतले आहे. ‘हिज योक इज ईझी’ही असेच दुसऱ्या द्वंद्वगीतातून आले आहे. त्यांतील लांबलचक, चपळ ताना मुळात दोन कंठांसाठी बेतलेल्या असल्यामुळे शेकडो गायक त्या गाऊ लागले की स्वर एकमेकांवर चढतात, सुटे दाणे ऐकू येत नाहीत आणि उरतो तो केवळ घनगंभीर नाद. हॉगवुड यांच्या ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलच्या गायकवृंदातील मुलांचे स्वच्छ, कंपरहित आवाज या ताना जशा उलगडतात, तशा मी अन्यत्र क्वचितच ऐकल्या आहेत.

आता ‘हालेलूया’. संपूर्ण कृतीत टिंपनी (नगाऱ्यासारखे तालवाद्य) पहिल्यांदा वाजते ती येथे, म्हणजे दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी. ट्रम्पेट त्याआधी फक्त एकदा, पहिल्या भागातील ‘ग्लोरी टू गॉड’मध्ये येतात आणि तेथेही हँडेलची सूचना ‘दुरून, काहीशा हळू आवाजात’ अशी आहे. इतका वेळ राखून ठेवलेला हा नाद जेव्हा मोकळा होतो, तेव्हा वीसेक गायकांतूनही अंगावर काटा येतो, आणि ती भव्यता मला गायकांच्या संख्येपेक्षा त्या दीर्घ संयमातून आलेली वाटते. म्हणून आपण हे समूहगान सुटे न ऐकता दुसरा भाग सलग ऐकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

डेव्हिस यांच्याबाबत मात्र माझी चूक झाली आणि ती आपण दाखवून दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ब्रिटनमध्ये प्रचंड गायकवृंदांची प्रथा रुळलेली असताना त्यांनी निवडक, लहान गायकवृंद आणि चपळ लय स्वीकारली होती. त्यामुळे हॉगवुड यांच्या वाटेवरचे एक पाऊल आधीच पडले होते. शिवाय त्यांच्या ध्वनिमुद्रणातील गायिका हेलन वॉट्स यांच्या खोल, स्थिर आवाजातील ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ हे एकलगीत काल रात्री पुन्हा ऐकले, तेव्हा हॉगवुड यांच्या ध्वनिमुद्रणात त्या तोडीचे दुःख मला सापडले नाही. पहिले स्थान मी बदलत नाही. ‘जुन्या वळणाचे’ हे शब्द मात्र मी मागे घेतो आणि डेव्हिस यांना दुसऱ्या स्थानावर आणतो.