एजंटने भरलं, सही तुझी

परवा रात्री अकराच्या सुमारास अमळनेरहून ताईने एक मेसेज पुढे ढकलला. मथळा होता, ‘कॅनडाला जाणाऱ्यांसाठी पाच गुपितं, जी एजंट सांगत नाहीत’. पाठोपाठ भाच्याचा प्रश्न आला, “मामा, हाई खरं शे का?” मागाहून कळलं, मेसेज त्याला त्याच्या एजंटनेच पाठवला होता. म्हणजे एजंट सांगत नाहीत ते एजंटच सांगत होता!

पाच गुपितं अशी. दुसऱ्या देशाचा जुना नकार लिहू नका. शिक्षणानंतरचा रिकामा काळ, म्हणजे गॅप, अनुभवपत्राने भरून काढा. फॉर्म एजंट भरतो, जबाबदारी त्याची. पकडलं गेलंच तर फार तर रिजेक्ट होईल, पुन्हा फाइल लावा. आणि एकदा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाली की मागचं कोणी उकरत नाही.

एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही. पण दाजींनी या फाइलसाठी दीड एकर रान विकायला काढलंय.

‘फार तर रिजेक्ट’ हे आधी घेतो, कारण बाकीच्या चारही गोष्टी करायचा धीर याच वाक्यातून येतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 40 नेटवर कोणालाही वाचता येतं. साधा नकार वेगळा आणि या कलमाखालचा ठपका वेगळा. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली असं ठरलं, तर पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद. शिकायला, कामाला, फिरायलाही नाही, आणि त्या काळात पीआरचा अर्जसुद्धा करता येत नाही. 2014 पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती, ती वाढवून पाच केली. खोटेपणामुळे अधिकाऱ्याची चूक ‘होऊ शकली असती’ एवढंही या कलमाला पुरतं, त्यामुळे ‘व्हिसा दिलाच नाही, मग नुकसान कुणाचं’ हा बचाव चालत नाही. शिवाय त्याच कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोटेपणासाठी एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, ते वेगळंच. भाचा आज 23 वर्षांचा आहे. पुन्हा फाइल लावेल तेव्हा 28 चा असेल, आणि रान तर विकून झालेलं असेल.

आता ‘जबाबदारी एजंटची’. यावर मला खरा संताप येतो. कलमात ‘थेट किंवा आडून’ असे शब्द आहेत. तुझ्या वतीने दुसऱ्याने खोटं लिहिलं तरी ते तुझ्याच खात्यावर पडतं. कॅनडाच्या फेडरल कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय: अर्ज ज्याचा, त्यातल्या मजकुराची जबाबदारी त्याची. आणि एजंटवर ढकलायचं म्हटलं तरी ढकलणार कुणावर? पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला वकील, क्युबेकचा नोटरी किंवा परवानाधारक सल्लागार असावा लागतो, तसं त्याच कायद्याचं कलम 91 सांगतं. त्यांची नावं त्यांच्या संस्थांच्या यादीत असतात. आमच्या या महाशयांचं नाव मला सल्लागारांच्या यादीत सापडलं नाही आणि भाच्याच्या फॉर्मवरही नाही. प्रतिनिधीचा रकाना कोरा. कागदोपत्री सगळा फॉर्म भाच्याने एकट्याने बसून भरलाय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजाने का होईना. फसवल्या गेलेल्याला कधीकधी दया मिळते. 2023 साली कॉलेज प्रवेशाच्या बनावट पत्रावर (ऑफर लेटर) कॅनडात पोहोचलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण गाजलं. त्यात बहुतेक पोरं पंजाबची होती. ज्यांना खरोखर माहीत नव्हतं आणि जे खरंच शिकायला आले होते, त्यांना हाकलणार नाही, असं तिथल्या सरकारने जून 2023 मध्ये जाहीर केलं. पण ते कधी? डोक्यावर हद्दपारीची तलवार घेऊन पोरं रस्त्यावर बसली तेव्हा. आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे भाचा कुठल्या तोंडाने म्हणणार? गुपितांचा मेसेज त्याच्याच फोनमध्ये आहे.

पीआरनंतर कोणी विचारत नाही म्हणतात, तर त्या पोरांपैकी अनेकांचं बिंग पीआरच्या अर्जाच्या वेळीच फुटलं होतं. खोटेपणाने मिळालेलं नागरिकत्वसुद्धा काढून घेता येतं, त्यासाठी नागरिकत्व कायद्यात कलम 10 आहे.

जुना नकार? फॉर्ममध्ये ‘कॅनडा किंवा इतर कोणत्याही देशाने’ असं सरळ विचारलेलं असतं. भाच्याला दोन वर्षांपूर्वी ब्रिटनने नाकारलं. मुंबईला जाऊन दहा बोटांचे ठसे देऊन आलाय तो. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसात माहिती पडताळतात. नकार मिळाला म्हणजे गुन्हा झाला नाही. अंगाशी येतं ते लपवणं.

राहिला गॅप. एमपीएससीसाठी जळगावच्या अभ्यासिकेत दोन वर्षं घालवली, तर तेच लिहावं. आमच्याकडे निम्म्या घरांत एकेक गॅप बसलेला असतो, त्यात लाजायचं काय? त्याऐवजी धुळ्याच्या पाइपच्या दुकानाचं पत्र जोडलंय. या पोराने तिथे एक दिवस काम केलेलं नाही. बनावट कागद करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, दोन्ही आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. दुकानदार ताईच्या नात्यातला आहे, उद्या तोही लटकेल.

भाच्याला म्हटलं, फाइल जमा झाली नसेल तर थांबव, झाली असेल तर दुरुस्ती कळव. तेव्हा कळलं की ऑनलाइन खातं एजंटच्या ईमेलवर उघडलंय. ठपका ठेवण्याआधी खुलासा मागणारं पत्र कॅनडातून येतं, त्याला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ते पत्रही एजंटकडेच जाणार. काल दुपारी भाच्याने पासवर्ड मागितला. एजंटने दोन निळ्या टिका दाखवल्या, उत्तर अजून नाही.