फिजिक्सला कायमचा डिस्चार्ज

गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, यादीत नाव लागले? अभिनंदन! आता फिजिक्सची पुस्तके रद्दीत घालायला उशीर करू नका. नीटमध्ये ७२० पैकी १८० गुण मिळण्यापुरतीच त्या विषयाशी सोयरीक होती. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. फिजिक्सचे नावही नाही. क्लासवाल्यांनी दोन वर्षे उतरणीवरून घरंगळवलेले ठोकळे पुढे कुठल्याच वॉर्डात ॲडमिट होत नाहीत, हेही खरेच.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, त्याच सुमारास प्वाझय नावाचा एक फ्रेंच डॉक्टर नसता उद्योग करत होता. बारीक नळ्यांतून द्रव किती वाहतो, हे मोजत बसला होता. त्याच्या हिशेबाने नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. तुम्ही हे डोक्यात ठेवू नका. रात्री दोनला हायवेवरचा अपघात कॅज्युअल्टीत आला, रक्त वाहते आहे, तरी करड्या रंगाचा जाड कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) ट्रेमध्येच राहू द्या. गुलाबी, बारीक कॅन्युला पटकन जातो, तोच घाला. मग सलाईन सावकाश जातेय म्हणून सिस्टरवर ओरडा आणि बाटली उंच टांगायला लावा. उंची दुप्पट केली तर प्रवाह साधारण दुप्पट होईल, सोळापट नाही. पण ओरडण्याचे समाधान काही वेगळेच!

बीपी घेताना आजोबांचा हात खाली लोंबत असला तर लोंबू द्या. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली गेला की आकडा सात-आठने चढतो. चढला तर गोळी वाढवा, औषधे महाग थोडीच आहेत!

एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेनला १९०१ चे नोबेल फिजिक्सचे मिळाले. समितीचा काहीतरी घोळ झाला असणार.

राहता राहिला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून कुठला किती शोषला गेला ते मोजतो म्हणे. आपल्याला काय करायचेय? आकडा वाचता आला की झाले. चवथीला नखे गडद निळी रंगवलेल्या काकी आरामात गप्पा मारताहेत आणि आकडा कमी दिसतोय, तर थेट आयसीयूत हलवा. ‘नेलपॉलिश पुसून बघूया काय?’ असे वॉर्डबॉय सुचवेल. त्याला गप्प करा. तो काय दोतोर आहे?